नागपुरातील घराच्या स्वयंपाकघराचे नूतनीकरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वयंपाकघर नव्याने करायचे ठरले की बहुतेक घरांत पहिली चर्चा ट्रॉलीच्या रंगावर आणि ओट्याच्या ग्रॅनाइटवर होते. नागपूरच्या हवेत मात्र स्वयंपाकघर सुखाचे होते की त्रासाचे, हे वारा, पाणी, वीज आणि गॅस यांच्या व्यवस्थेवर ठरते. ही सारी व्यवस्था भिंतीत किंवा ओट्याखाली दडलेली असल्यामुळे काम संपल्यावर ती बदलायची म्हटले तर नवे काम पुन्हा फोडावे लागते. म्हणून पुढील उत्तरांत न दिसणाऱ्या कामांना अधिक जागा दिली आहे आणि सजावटीबद्दल थोडक्यात लिहिले आहे.

नियोजनाची सुरुवात कशापासून करावी?

घरात रोज स्वयंपाक कोण करते, या प्रश्नापासून करावी. त्या व्यक्तीची उंची, ती डावखुरी आहे का, तिचे गुडघे आणि कंबर कशी आहे, एका वेळी दोघे जण ओट्याशी उभे राहतात का, हे आधी कागदावर उतरवावे. त्यानंतर साधारण आठवडाभर सध्याच्या स्वयंपाकघरातील अडचणी जशा जाणवतील तशा लिहून ठेवाव्यात. कुकर ठेवायला जागा पुरत नाही, भाजी चिरताना स्वतःचीच सावली पाटावर पडते, मिक्सर लावण्यासाठी फ्रिजचा प्लग काढावा लागतो, अशा नोंदी कोणत्याही चकचकीत छायाचित्रापेक्षा उपयोगी ठरतात. निर्णयाचा शेवटचा शब्द स्वयंपाक करणाऱ्याचा असावा, असे मी आग्रहाने सांगेन. पैसे कोण देत आहे हा मुद्दा येथे दुय्यम आहे.

मोजमाप घेताना प्रत्येक भिंत खाली, ओट्याच्या उंचीवर आणि छताजवळ अशी तीन ठिकाणी मोजावी, कारण गिलावा क्वचितच सरळ ओळंब्यात असतो. खिडकीच्या उंबऱ्याची उंची, तुळई, खांब, पाण्याची आणि सांडपाण्याची जागा व दार कोणत्या बाजूला उघडते, हे सर्व नकाशावर आलेच पाहिजे. ट्रॉली कोणाकडूनही करून घेतली तरी तिचे अंतिम माप फरशा आणि डॅडो (ओट्यामागच्या भिंतीवरील टाइल) बसल्यानंतरच घ्यावे. आधी घेतलेल्या मापात टाइल आणि सिमेंटची जाडी धरलेली नसते आणि मग कप्पे बसेनासे होतात.

काम कोणत्या महिन्यांत काढावे?

दिवाळी आटोपल्यापासून होळीच्या आधीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. हवा कोरडी आणि सौम्य असते, गिलाव्याला पाणी मारले की ते टिकते आणि रंग व्यवस्थित वाळतो. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जाणे आपल्याला नवीन नाही. त्या उन्हात सिमेंटमधील पाणी वेळेआधी उडून जाते, गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात आणि दुपारच्या वेळी कारागिरांकडून काम करवून घेणे माणुसकीलाही धरून होत नाही. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत तर फोडकाम टाळावेच. जूनच्या मध्यानंतर पाऊस सुरू झाला की प्लायवूड ओल धरते, लॅमिनेटचा चिकटपदार्थ नीट धरत नाही आणि भिंतींतील ओल रंगाखाली अडकते.

आपल्याकडे काम करणारे अनेक मिस्त्री आणि मजूर छत्तीसगड, बालाघाट, गोंदिया, भंडारा या भागांतून येतात आणि होळी, दिवाळी व धानाच्या हंगामात ते गावी जातात. वेळापत्रक आखताना त्यांना हे आधीच विचारून घ्यावे.

एकूण किती दिवस लागतात आणि तोवर स्वयंपाक कोठे करावा?

फोडकामापासून ट्रॉली बसेपर्यंत चार ते सहा आठवडे धरावेत. फोडकाम एक-दोन दिवसांत संपते. नळकाम आणि वायरिंगला तीन ते पाच दिवस लागतात. गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारावे लागते. नंतर ओटा, डॅडो आणि फरशी. घाईत हे सात दिवसच कापले जातात आणि नेमकी तीच काटकसर पुढे सैल टाइलच्या रूपाने समोर येते.

तोवर बाल्कनीत किंवा मागच्या पडवीत एक टेबल, दोन शेगड्या आणि पाण्याचा ड्रम अशी मांडणी पुरते. सिलिंडर हलवताना तो नेहमी उभाच ठेवावा आणि बंद झोपण्याच्या खोलीत तात्पुरता स्वयंपाक कधीही मांडू नये.

स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यातील भिंत पाडता येते का? परवानगी लागते का?

रंग, गिलावा, फरशी, ओटा किंवा ट्रॉली बदलण्यासाठी बांधकामाची परवानगी लागत नाही. भिंत पाडणे, खिडकी मोठी करणे किंवा बाल्कनी आत घेणे ही वेगळी बाब आहे. महाल आणि इतवारीतील जुन्या घरांत भिंतीच छताचा भार वाहतात आणि त्यांना आधार न देता हात लावणे जिवावर बेतू शकते. फ्लॅटमध्ये भार खांब आणि तुळयांवर असतो, तरीही कोणती भिंत केवळ आडोशाची आहे हे परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरने प्रत्यक्ष पाहून लेखी सांगितले पाहिजे. ठेकेदाराचा अंदाज येथे चालणार नाही. आपले घर महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास किंवा महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांपैकी कोणाच्या हद्दीत येते त्यानुसार परवानगीचे कार्यालय बदलते. फ्लॅट असल्यास सोसायटीची लेखी संमतीही घ्यावी.

फ्लॅटमध्ये सिंकची जागा फार दूर हलवू नये. खालच्या मजल्यावरील कुटुंबाच्या झोपण्याच्या खोलीवर आपले सांडपाणी वाहू लागले की गळतीचे भांडण वर्षानुवर्षे चालते.

ओटा किती उंच आणि किती खोल असावा?

कोपर काटकोनात वाकवून उभे राहावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीतून चार ते सहा इंच वजा करावेत. जी संख्या उरेल ती आपल्या ओट्याची योग्य उंची. बाजारातील तयार मापे 32 ते 34 इंचांची असतात. पाच फूट उंचीच्या बाईंना 34 इंचांच्या ओट्यावर पोळ्या लाटताना खांदे वर उचलावे लागतात, आणि पावणेसहा फूट उंचीच्या व्यक्तीला 31 इंचांवर भाजी चिरताना पाठीत वाकावे लागते. लाटण्यासाठी ओटा थोडा खाली हवा असतो आणि सिंकमधील भांडी घासण्यासाठी थोडा वर, कारण हात भांड्याच्या तळापर्यंत जातात. जागा असेल तर या दोन भागांत दोन-तीन इंचांचा फरक जरूर ठेवावा. त्यासाठी वेगळा खर्च जवळजवळ येत नाही.

ओट्याची खोली 24 इंच ठेवावी. वरची कपाटे ओट्यापासून 20 ते 24 इंच वर आणि 12 ते 13 इंच खोल असावीत, म्हणजे वाकताना कपाळ आपटत नाही. ट्रॉलीच्या तळाशी पावलांसाठी तीन-चार इंचांची आत गेलेली खाच ठेवली की ओट्याला टेकून उभे राहता येते.

मांडणी कशी करावी?

सिंक, शेगडी आणि फ्रिज यांना जोडणारा त्रिकोण कल्पून त्याच्या तिन्ही बाजूंची बेरीज 12 ते 26 फुटांच्या दरम्यान ठेवावी, हा नियम गेल्या शतकाच्या चाळिशीच्या दशकापासून वापरात आहे आणि तो अजूनही कामी येतो. आपल्या पद्धतीच्या स्वयंपाकाला मात्र त्यात एक भर घालावी लागते : सिंक आणि शेगडी यांच्यामध्ये किमान अडीच-तीन फुटांचा सलग मोकळा ओटा हवा, कारण चिरणे, मळणे, लाटणे आणि निवडणे ही सगळी कामे तेथेच होतात. शेगडीच्या दुसऱ्या बाजूलाही उतरवलेली कढई ठेवण्यापुरती फूट-दीड फूट जागा ठेवावी. समोरासमोर दोन ओटे असतील तर त्यांच्यातील अंतर साडेतीन ते चार फूट असावे.

लहान खोलीत इंग्रजी एल आकाराचा ओटा बहुधा सर्वांत सोयीचा ठरतो. त्याच्या कोपऱ्यातील जागा वाया जाते म्हणून महागडी फिरती जाळी घेण्याचा मोह होतो. तो पैसा चिमणीच्या नळीवर किंवा चांगल्या बिजागऱ्यांवर खर्च केलेला बरा.

उन्हाळ्यात स्वयंपाकघरात उभे राहवत नाही. यावर नूतनीकरणात काय करता येईल?

हा या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण आपल्या घरांत हॉलला कूलर असतो, झोपण्याच्या खोलीला एसी असतो आणि दिवसाचे कित्येक तास आगीसमोर उभे राहणाऱ्या व्यक्तीच्या वाट्याला एक पंखाही धड येत नाही, कारण पंख्याने शेगडीची ज्योत हलते.

आधी उष्णता कोठून येते ते पाहावे. पश्चिमेची नऊ इंची विटांची भिंत दुपारभर तापते आणि ती उष्णता आत सोडू लागते ती संध्याकाळी, नेमकी रात्रीच्या स्वयंपाकाच्या वेळी. अशा भिंतीला बाहेरून सावली देणे हा खरा उपाय आहे : खिडकीवर पुरेसा खोल सज्जा, भिंतीला फिका रंग, शक्य असेल तर हिरवी जाळी किंवा वेल. वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीवर पांढरा उष्णतारोधक लेप किंवा चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करून घ्यावी. आतील छताला काही लावण्यापेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो. पश्चिम भिंतीवरील कपाटांत तेल, तूप आणि मसाले ठेवू नयेत.

दुसरा उपाय कूलरचा आहे. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो, आणि ती हवा बाहेर पडायला वाट असेल तरच तो थंडावा देतो. खिडक्या बंद ठेवल्या की खोली नुसती दमट होते. म्हणून हॉलच्या खिडकीत कूलर आणि स्वयंपाकघराच्या बाहेरील भिंतीत वरच्या बाजूला 9 किंवा 12 इंची एक्झॉस्ट पंखा अशी जोडी लावावी. गार हवा हॉलमधून स्वयंपाकघरात येते, शेगडीची धग आणि फोडणीचा वास घेऊन बाहेर जाते आणि हॉलमध्ये वास पसरत नाही. यासाठी दोन्ही खोल्यांमधील दार उघडे ठेवावे किंवा त्यावर जाळीचा झरोका करावा. कूलर थेट स्वयंपाकघरातच बसवायचा असेल तर त्याचा झोत शेगडीवर येणार नाही अशी जागा निवडावी, कारण झोताने ज्योत विझली तर गॅस सुटत राहतो.

तिसरी बाब फ्रिजची. फ्रिजच्या पाटीवर हवामान वर्ग लिहिलेला असतो आणि त्यातील टी वर्ग 43 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी असतो. आपल्या मे महिन्यात शेगडीशेजारची जागा ही मर्यादा सहज ओलांडते, म्हणून फ्रिज शेगडीपासून आणि पश्चिम भिंतीपासून दूर ठेवावा व त्याच्या मागे आणि वर हवा खेळेल इतकी मोकळी जागा सोडावी. चारही बाजूंनी प्लायवूडने बंद केलेला फ्रिज दिसायला नेटका असतो, पण नागपुरात तो करू नये.

चिमणी घ्यावी की एक्झॉस्ट पंखा पुरेल?

ज्या घरात सावजी रस्सा होतो, खसखस, खोबरे आणि गरम मसाला भाजला जातो, तर्रीसाठी तेल चांगले तापवले जाते, त्या घरात दोन्ही हवेत. चिमणी तेलकट वाफ उगमाशीच पकडते आणि एक्झॉस्ट खोलीची धग काढतो.

क्षमतेचा हिशेब सोपा आहे. 10 फूट बाय 8 फूट, 10 फूट उंच खोलीचे घनफळ 800 घनफूट म्हणजे सुमारे 23 घनमीटर होते. तासाला 15 ते 20 वेळा हवा बदलायची तर साधारण 350 ते 450 घनमीटर क्षमता लागते. जाहिरातीत 1200 किंवा त्याहून मोठे आकडे असतात, पण ते नळी न जोडता मोजलेले असतात. नळीची लांबी आणि प्रत्येक वळण ती क्षमता खाते. म्हणून मोठ्या आकड्यामागे न धावता सहा इंच व्यासाची, शक्य तितकी आखूड आणि एकच वळण असलेली नळी मिळेल अशी शेगडीची जागा ठरवावी. शेगडी आणि चिमणी यांत 26 ते 30 इंच अंतर असावे. आपल्या तेलकट फोडणीसाठी पट्ट्यांची, धुता येणारी जाळी असलेली चिमणी मला अधिक योग्य वाटते. बारीक तारेच्या जाळ्या लवकर तुंबतात. नळीविना चालणारी, कोळशाची गाळणी असलेली चिमणी घेऊ नये, कारण ती धग खोलीतच परत सोडते.

ओट्यासाठी कोणता दगड घ्यावा?

काळा किंवा गडद ग्रॅनाइट घ्यावा. तो उष्णता सोसतो आणि लिंबू, चिंच, संत्र्याचा रस यांचा त्यावर परिणाम होत नाही. संगमरवरावर हेच आम्ल पदार्थ पांढुरके चट्टे पाडतात, आणि ज्या शहरात हिवाळाभर ओट्यावर संत्री सोलली जातात तेथे संगमरवराचा ओटा टिकणार नाही. पांढरे क्वार्ट्‌झ दिसते सुंदर, पण त्यात राळ असल्यामुळे गरम कढई थेट ठेवली तर ते करपते आणि हळदीचे डाग धरते. ग्रॅनाइट 18 ते 20 मिलिमीटर जाडीचा असावा. दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद पाटीचे वजन सुमारे 100 किलो भरते, त्यामुळे खालचा आधार भक्कम हवा आणि सिंकच्या कापाजवळ तो दुप्पट काळजीने द्यावा. पाटी घेताना तिच्यावर पाणी ओतून पाहावे. बारीक भेग असेल तर ती ओली रेघ धरते.

ट्रॉलीसाठी कोणते साहित्य टिकते?

ओट्याखालच्या उभ्या आणि आडव्या कप्प्यांसाठी कडप्पा वापरण्याची आपली जुनी पद्धत आजही उत्तम आहे. त्याला वाळवी लागत नाही, सिंक गळले तरी तो फुगत नाही आणि ओट्याचे वजनही तोच पेलतो. त्यात स्टीलच्या जाळ्यांच्या ट्रॉली बसवून फक्त दर्शनी पल्ले प्लायवूडचे केले की खर्च आटोक्यात राहतो आणि टिकाऊपणा वाढतो. दाखवायला मॉड्युलर आणि आत कडप्पा, अशी रचना करायला अनेक विक्रेते नाखूश असतात. आपण आग्रह धरावा.

पूर्ण लाकडी सांगाडा करायचा असेल तर सिंकखालच्या आणि जमिनीलगतच्या भागांसाठी आयएस 710 छाप असलेले मरीन प्लायवूड घ्यावे, जे 72 तास उकळत्या पाण्याच्या चाचणीला उतरलेले असते. इतर ठिकाणी आयएस 303 मधील बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तोंड देणाऱ्या) प्रतीचे पुरेल. सांगाड्याला 18 किंवा 19 मिलिमीटर जाडी हवी. कूलरमुळे आपल्या घरांत उन्हाळ्यातही दमटपणा असतो, हे विसरून पार्टिकल बोर्ड घेतल्यास त्याच्या कडा दोन-तीन वर्षांत फुगतात. बाहेरून एक मिलिमीटरचे लॅमिनेट लावावे आणि आतील बाजूही लॅमिनेटने झाकावी, कारण एकाच बाजूला थर दिला की पल्ला वाकतो. प्लायवूडच्या उघड्या कडा पूर्ण बंद झाल्या आहेत का हे बोट फिरवून तपासावे, कारण ओल आणि झुरळे दोन्ही तेथूनच शिरतात.

लकडगंजात चांगले सागवान मिळते आणि बल्लारशाच्या सागाची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. तरी सगळी ट्रॉली सागवानी करण्याची गरज नाही. खिडकीची चौकट आणि वारंवार हात लागणारे दार सागवानी केले तरी पुरे.

जाळ्या आणि सिंक 304 प्रतीच्या पोलादाचे घ्यावे व तसा छाप पाहूनच घ्यावे. 202 प्रतीचे पोलाद मिठाच्या आणि चिंचेच्या संपर्कात लवकर डागाळते.

सुताराकडून करावे की मॉड्युलर दुकानातून?

चांगला सुतार ओळखीत असेल, तर जुन्या आणि वाकड्यातिकड्या भिंतींच्या घरात तोच उत्तम, कारण तो जागेवर माप जुळवतो. यंत्रावर कापलेले दुकानाचे काम कडांच्या बाबतीत अधिक स्वच्छ असते आणि घरात धूळ कमी होते. दोन्हीकडे आधी केलेली, निदान तीन वर्षे वापरात असलेली एक ट्रॉली प्रत्यक्ष पाहावी. नवी ट्रॉली पाहून काहीच कळत नाही.

नळकामात काय काळजी घ्यावी? आरओ लागतोच का?

भिंतीतील जुने लोखंडी पाइप सापडले तर ते ठेवू नयेत. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीचा (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचा) पाइप आणि सांडपाण्यासाठी दर फुटाला पाव इंच उतार, ही दोन पथ्ये पाळावीत. भिंत बंद करण्यापूर्वी पाइपमध्ये दाब देऊन पाणी रात्रभर ठेवावे आणि सर्व भिंतींची मोजपट्टीसह छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे खिळा ठोकताना ती कामी येतात. नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीवरील सांडपाण्याच्या जाळीखालच्या वाकड्या भागात) सुमारे दोन इंच पाणी उभे राहिले पाहिजे. आपल्या उन्हाळ्यात न वापरल्या जाणाऱ्या ट्रॅपमधील पाणी आटते आणि मग दुर्गंधी व झुरळे वर येतात, म्हणून उन्हाळ्यात बाहेरगावी जाताना त्यात पाणी आणि चमचाभर खाद्यतेल ओतून जावे.

आरओबद्दल आधी पाण्याची तपासणी करावी. शहराला मिळणारे पाणी पेंच प्रकल्पाच्या नवेगाव खैरी जलाशयातून आणि कन्हान नदीतून येते. भारतीय मानकाप्रमाणे विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. आपले पाणी त्याच्या खाली असेल तर गाळणी आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) पुरेसे होते. आरओ बरेच पाणी सांडपाण्यात सोडतो, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत ते पाणी फुकट घालवणे मला पटत नाही. बेसा, मानेवाड्याकडील अनेक घरांप्रमाणे बोअरवर अवलंबून असाल तर पाणी जड असण्याची शक्यता मोठी. मग आरओ घ्यावा आणि त्याचे टाकाऊ पाणी फरशी पुसण्यासाठी किंवा बाथरूममधील टाकीत जाईल अशी नळी आत्ताच भिंतीतून काढून घ्यावी. पिण्याचे पाणी, वापराचे पाणी आणि बोअर यांचे नळ वेगळे ठेवावेत.

वायरिंग किती नव्याने करावे?

पूर्ण करावे. जुन्या घरांत स्वयंपाकघराला एक बल्ब आणि एक प्लग धरून वायर ओढलेली असते. आज 2000 वॉटची इंडक्शन शेगडी एकटीच जवळपास 9 अँपिअर वीज घेते, आणि त्याच वेळी गिझर व मायक्रोवेव्ह चालू असतात. 16 अँपिअरच्या प्रत्येक प्लगसाठी 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, वेगळा एमसीबी (भार वाढल्यास वीज तोडणारा स्विच) आणि संपूर्ण स्वयंपाकघरासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. ओल्या हाताने काम होणाऱ्या खोलीत हा आरसीसीबी जीव वाचवतो. प्लग ओट्यापासून आठ-दहा इंच वर आणि सिंकपासून दोन फूट दूर असावेत. आज लागतात त्यापेक्षा तीन प्लग अधिक काढावेत. भार वाढत असेल तर महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यावा. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की त्याचा रोध वाढतो, म्हणून मार्चपासून त्यात नियमित पाणी टाकावे.

दिवे वरच्या कपाटांच्या खालच्या पुढच्या कडेला लावावेत, म्हणजे चिरताना सावली पडत नाही.

गॅससाठी कोणती पथ्ये आहेत?

एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या पल्ल्याला आणि शक्य तेथे बाहेरील भिंतीला अगदी तळाशी जाळीची भोके ठेवावीत; वर ठेवलेल्या भोकांचा उपयोग होत नाही. सिलिंडर जमिनीच्या पातळीखालच्या खड्ड्यात ठेवू नये आणि शेगडी नेहमी त्याच्यापेक्षा वर असावी. त्याच कप्प्यात विजेचा प्लग नको. सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलावी आणि ती भिंतीतून किंवा कपाटामागून लपवून नेऊ नये. गळतीचा संशय आल्यास कोणतेही बटण न दाबता खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा आणि बाहेर जाऊन 1906 वर फोन करावा. हा क्रमांक कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा.

फरशी कोणती?

खरखरीत, न घसरणारी आणि फिक्या रंगाची विट्रिफाइड टाइल. जुनी शहाबादी किंवा कोटा फरशी शाबूत असेल तर ती उखडू नका, पॉलिश करून घ्या. उन्हाळ्यात पायांना तिच्याइतका गारवा कशाचाच मिळत नाही. डॅडोच्या सांध्यांत इपॉक्सी भरावे, म्हणजे हळद-तेल मुरत नाही.

वास्तुशास्त्राप्रमाणे आग्नेयेलाच स्वयंपाकघर हवे का?

नव्या घरात जमत असेल तर जरूर करावे. आग्नेयेला सकाळचे ऊन येते आणि दुपारची धग टळते, हा आपल्या हवेत मिळणारा प्रत्यक्ष लाभ आहे. तयार घरात मात्र त्यासाठी सांडपाण्याची दिशा उलटवणे किंवा तुळईला हात लावणे योग्य नाही. पूर्वेकडे तोंड करून स्वयंपाक करता यावा इतकाच आग्रह असेल तर तो शेगडीची जागा बदलून बहुधा पूर्ण होतो.

वर्षाचे धान्य, वाळवण आणि मोठी भांडी कोठे ठेवावीत?

तयार मॉड्युलर आराखड्यात याचा विचार जवळजवळ नसतो. कुरडया, सांडगे आणि पापडांचे मोठे डबे 14 ते 16 इंच उंच असतात, तर तयार कप्पे 10 ते 12 इंचांचे. म्हणून आपले डबे मोजून कप्पा करून घ्यावा. गहू आणि तांदळाच्या कोठ्या जमिनीपासून चार इंच वर, भिंतीला न चिकटवता ठेवाव्यात. भंडाऱ्याच्या पितळी गंजांसारखी सणाची भांडी माळ्यावर चालतील, पण माळ्याला मजबूत आधार द्यावा. वड्यांसाठी किंवा शंभर जणांच्या पंगतीसाठी मोठी शेगडी लावायची जागा अंगणात किंवा बाल्कनीत ठेवावी आणि तेथे एक नळ काढून ठेवावा. मडक्यावरच्या लांब रोट्यांचीही सोय तेथेच होते.

खर्चाचा अंदाज आणि करार कसा करावा?

दर कोणत्या मोजमापावर आहे हे आधी विचारावे, कारण येथेच सर्वाधिक गैरसमज होतात. दहा फूट ओट्याच्या स्वयंपाकघरात खालचे पल्ले अडीच फूट उंच धरले तर 25 चौरस फूट, वरची कपाटे दोन फुटांची धरली तर 20 आणि माळा आणखी 20 असे एकूण 65 चौरस फूट होतात. एक जण धावत्या फुटाचा, म्हणजे ओट्याच्या लांबीचा दर सांगतो आणि दुसरा चौरस फुटाचा. दोन्ही आकडे समोर ठेवून तुलना करता येत नाही. दोघांकडूनही जाळ्या, बिजागऱ्या, कडप्पा, ग्रॅनाइट, नळकाम, वायरिंग आणि कर वेगवेगळे लिहून घ्यावेत. प्लायवूडची कंपनी, प्रत आणि जाडी करारात लिहिलेली असावी. भिंत फोडल्यावर काय निघेल हे कोणालाच सांगता येत नसल्यामुळे एकूण रकमेच्या 10 ते 15 टक्के बाजूला ठेवावेत. पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्यावेत आणि शेवटचा दहावा हिस्सा दोन आठवडे प्रत्यक्ष स्वयंपाक करून पाहिल्यानंतरच द्यावा.

हात आखडता घ्यावा लागला तर पल्ल्यांच्या बाबतीत घ्यावा. पल्ले पाच वर्षांनी बदलता येतात; वायर, पाइप आणि चिमणीची नळी तशी बदलता येत नाहीत.

भाड्याच्या घरात काय करता येईल?

घरमालकांच्या संमतीने एक्झॉस्ट पंखा, कपाटाखालचे दिवे आणि सुट्या स्टीलच्या मांडण्या. घर सोडताना हे सर्व सोबत नेता येते.

मलब्याचे काय करावे?

रस्त्याच्या कडेला किंवा नाल्यात टाकू नये. पावसाळ्यात तोच नाला आपल्या वस्तीत तुंबतो. महानगरपालिकेच्या दहा झोनपैकी आपल्या झोनच्या कार्यालयात उचलण्याची व्यवस्था विचारावी आणि तो खर्च करारात धरावा. चांगल्या स्थितीतील जुना कडप्पा, सिंक आणि खिडक्या भंगारात देण्यापूर्वी मिस्त्रींना विचारावे. त्या वस्तू बहुधा कोणाच्या तरी घरी पुन्हा बसतात.

काम ताब्यात घेताना काय तपासावे?

सिंक काठोकाठ भरून एकदम सोडावे आणि खालचा प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून पाहावा. टाइलवर नाण्याने टकटक करावी; पोकळ आवाज आला तर ती पुन्हा बसवून घ्यावी. आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो का पाहावा. ट्रॉलीचे खण पूर्ण भरून ओढावेत, कारण रिकामे खण सगळेच छान सरकतात. गॅसच्या सांध्यांना साबणाचा फेस लावावा. चिमणी चालू करून कढईत मिरच्यांची फोडणी द्यावी आणि एका माणसाला हॉलमध्ये उभे करावे. त्याला ठसका लागला तर नळीचे काम अजून व्हायचे आहे.